कच्छचें रण आणि गोदेचें पाणी
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलावयास सांगितलें होतें. तो विषय माझ्याहून वडील व जाणत्या मंडळींनीं काल इतका उत्तम मांडला कीं त्यांत भर घालण्याजोगें माझ्यापाशीं कांहीं नाहीं. म्हणून समितीच्या परवानगीनें, महोत्सवी वर्षाची जी सहल आपण जानेवारींत कच्छला नेली, तिच्याविषयीं बोलतों. आपण अडतीसजण होतों. जे आले होते त्यांनीं कंटाळूं नये, एवढीच विनंती.

सापुताऱ्यावरून सुरत, मग अहमदाबाद व तेथून भूज असा आमचा मार्ग. प्रवास-कंपनीनें छापून दिलेल्या पत्रकांत सर्वांत ठळक अक्षरें होतीं तीं ‘पांढऱ्या रणा’चीं. तें पाहण्यासारखें आहे यांत शंका नाहीं. चांदण्यांत चहूंकडे पांढरी, सपाट भुई. दूर कोठें जमीन संपते व आकाश सुरू होतें तें कळत नाहीं. वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेकड्या येतात. रण तसें नव्हे. ती एके काळीं समुद्राची उथळ खाडी होती. नद्यांच्या गाळानें ती भरत गेली, भूकंपांनीं उचलली गेली. अजूनहि पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा समुद्राचें पाणी आंत लोटतो, वरून ओढ्यांनद्यांचें पाणी येऊन मिळतें, आणि सारें रण पाण्याखालीं जातें. पुढें तें आटतें व मागें मीठ राहतें.

तरुण मंडळी छायाचित्रें काढण्यांत गढून गेली. आपल्यांतील एक आजी मात्र खालीं वांकल्या, बोटानें कण उचलून जिभेला लावला आणि म्हणाल्या, “फादर, एवढें मीठ, अन् घोटभर पाणी नाहीं!” या आजींचें माहेर पैठण तालुक्यांत आहे. हें ध्यानांत असूं द्या.

दुसऱ्या दिवशीं खडीर बेटावरील धोलावीरा पाहिलें. सिंधु संस्कृतीच्या ज्ञात नगरांत हें मोठ्या नगरांपैकीं एक; २०२१ सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. मनसर व मनहर असे दोन ओढे नगराच्या दोन्ही बाजूंनीं जातात, आणि तेहि पावसाळ्यांतच काय ते वाहतात. त्या ओढ्यांवर बांध घालून तेथील लोकांनीं पाणी नगराकडे वळविलें व तटाच्या आंत ओळीनें खोदलेल्या हौदांत सांठविलें. कांहीं हौद खडकांतच कोरलेले आहेत. पायऱ्यांनीं तळाशीं उतरतां येतें. आम्ही उतरलों. साडेचार हजार वर्षांपूर्वीं, चारी बाजूंस खारट रण असतांना, या लोकांनीं पावसाचा थेंब वायां जाऊं दिला नाहीं, आणि आपण गोदाकांठचे लोक नळ उघडा टाकून दारांत गप्पा मारीत उभे राहतों! असो.

मला खरें बोलावयाचें आहे तें लखपतविषयीं. भुजेच्या वायव्येस, कोरीच्या खाडीवर हें गांव आहे. सुमारें सात किलोमीटर लांबीचा तट अजून उभा आहे. आंत मात्र ओसाड. पडक्या भिंती, बाभळी आणि थोडींशीं घरें. गुरु नानक मक्केच्या वाटेवर येथें उतरले होते अशी परंपरा आहे. तेथील गुरुद्वारांत आमचें फार प्रेमानें स्वागत झालें. हेंच लखपत एके काळीं भरभराटीचें बंदर होतें. सिंधूचा एक फांटा येथवर येई, त्यावर गलबतें चालत, आणि आसपास भाताचीं शेतें होतीं. आज तेथें उभें राहून ‘भात’ हा शब्द उच्चारावयासहि संकोच वाटतो.

हें सर्व कसें गेलें? प्रवासी पुस्तकांत उत्तर एकच सांपडतें: १६ जून १८१९ चा भूकंप. त्या दिवशीं रणांत सुमारें ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला, नदीचा मार्ग अडला, सिंदरीचा किल्ला खचून पाण्यांत गेला. त्या उंचवट्याला लोकांनीं ‘अल्लाबंद’ म्हटलें. म्हणजे माणसानें नव्हे, परमेश्वरानें घातलेला बांध. परंतु या नांवांतच दुसरी गोष्ट दडलेली आहे. माणसांनीं घातलेले बांध तेथें आधींपासून होते. १७६२ मध्यें झाऱ्याची लढाई झाली. त्यानंतर सिंधचा अधिपति गुलाम शाह कल्होरा यानें वरच्या बाजूस नदीला बांध घातला व कच्छकडे येणारें पाणी तोडलें. शेतें सुकलीं तीं त्यामुळें. भूकंप आला तेव्हां पुष्कळसें नुकसान होऊन चुकलें होतें. देवाच्या बांधाचें नांव नकाशावर राहिलें. माणसाच्या बांधाचें नांव कोणी घेत नाहीं. मला तर यांत आपली सोयच दिसते.

मी हें बसमध्यें सांगितलें तेव्हां निफाडकडील आपले एक द्राक्षबागाईतदार थोडे रागावले. “फादर, तुमचा रोख आम्हांवर आहे,” असें ते म्हणाले. होताच! ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठीं सुमारें साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हां आपल्याकडे केवढा विरोध झाला तें आपण जाणतां. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. २०१६ मध्यें उच्च न्यायालयानेंहि तें तत्त्व मान्य केलें. तरी बागाईतदारांचें म्हणणें पोकळ नव्हे. कर्ज काढून लावलेली बाग एका पाळीच्या पाण्यासाठीं जळते, आणि सोडलेल्या पाण्यापैकीं बरेंचसें नदीच्या कोरड्या पात्रांतच मुरतें. हें सर्व त्यांनीं आम्हांला नीट समजावून सांगितलें.

तेव्हां मागच्या बांकावरून आजी बोलल्या. “बाबा, तुझी बाग मी पाहिलीय. माझ्या भावाचं वावर तूं पाहिलंस का कधीं?” ते गृहस्थ प्रामाणिक. क्षणभर थांबून “नाहीं, आजी,” एवढेंच म्हणाले. भुजेपर्यंत या विषयावर कोणी बोललें नाहीं; पण रात्रीं जेवतांना ते आपलें ताट घेऊन आजींच्या शेजारीं जाऊन बसले, आणि पैठणकडे मोसंबी कशी घेतात याची चौकशी करूं लागले.

यापुढें मांडवीचा समुद्रकिनारा, लांकडी जहाजें बांधण्याचा तेथील कारखाना, भुजेची बाजारपेठ हें सर्व झालें. त्याचें वर्णन युवक संघाचे चिटणीस याच पुस्तिकेंत करणार आहेत.

आतां पुढच्या सहलीविषयीं. पुष्कळांची इच्छा केरळला जाण्याची होती. परंतु त्या बागाईतदार बंधूंनींच सूचना आणली कीं येत्या हिवाळ्यांत गोदेच्या कांठाकांठानें खालीं जावें: नांदूरमध्यमेश्वर, कोपरगांव, पुणतांबें, प्रवरासंगम व शेवटीं पैठणचा नाथसागर. मुक्काम दोन. आजींच्या भावाच्या वस्तीवर एक वेळचें जेवण ठरलें आहे. त्यांनीं माणसें किती तें कळवा असा निरोप धाडला आहे. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं रविवारच्या पहिल्या मिस्सेनंतर आपलीं नांवें नोंदवावींत.