पाय काढताना रक्त वाचवायचे ते घरापासून

(गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आम्ही सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणारी माणसे. डॉक्टर नव्हे, डिप्लोमा करून टेबल, यंत्रे, सामान तयार ठेवणारे. शुगरने पाय सडला आणि काढायचे ठरले, की घरचे विचारतात, "रक्त किती जाईल हो?" या भीतीपोटी काही घरे आठ-आठ दिवस घालवतात. तोवर सडणे वर चढते. गुडघ्याखाली भागले असते ते मांडीपर्यंत जाते.

साठ किलोच्या माणसात साधारण चार लिटर रक्त असते. ते वाचवायची जुनी युक्ती म्हणजे मांडीला बांधायचा हवेचा पट्टा, टूर्निके. इंग्लंडमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तवाहिन्या खराब झालेल्या रुग्णांचा पाय गुडघ्याखाली काढताना काहींना पट्टा बांधला, काहींना नाही. पट्टा बांधलेल्यांचे रक्त जवळपास निम्मेच गेले.

सडलेला पाय दाबपट्टीने गुंडाळून रक्त वर ढकलत नाहीत, कारण जंतूही वर जातील. पाय नुसता उंच धरतात, मग पट्टा फुगवतात. मोठ्या रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधतात. टाके घालण्याआधी पट्टा सोडून वाहणारी प्रत्येक जागा बंद करतात. जुन्या शुगरमध्ये रक्तवाहिन्यांत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत. पायात बायपास झालेला असेल तरी पट्टा टाळतात. हा निर्णय सर्जनचा.

पण अर्धे काम घरच्यांच्या हातात आहे. रक्त पातळ करणाऱ्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. त्या मनाने बंद करू नका, हृदयाला धोका होतो. शुगरने किडनी दुखावली की हिमोग्लोबिन आधीच उतरलेले असते, ते वेळेत तपासून घ्या. रक्तगट ठाऊक ठेवा. गरज लागली तर बीदर किंवा कलबुर्गीला माणूस धाडावा लागतो. तेव्हा घरातला धडधाकट तरुण "मला अशक्तपणा येईल" म्हणून मागे सरतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले. निरोगी माणसाचे दान केलेले पाणी दिवसा-दोन दिवसांत, आणि रक्तपेशी काही आठवड्यांत भरून निघतात.

आणि सर्वांत जास्त रक्त वाचते, ते पाय काढायची वेळच न आल्याने. कोजागिरीला आपल्याकडून माणसे तुळजापूरला अनवाणी चालत जातात. ज्यांच्या तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा आहे, त्यांनी मऊ चप्पल घालावी. आई भवानी रागावणार नाही. रोज रात्री आरशात तळपाय पाहा, दिसत नसेल तर सुनेला, नातवाला पाहायला सांगा. फोड किंवा काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गणपती बाप्पा मोरया!