चित्रफितीत नसलेला एक दिवस

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात चित्रफीत दाखवण्यापूर्वी केलेले निवेदन)



उत्सव समितीने आम्हा पाच जणांना सांगितलं की तुम्ही केलेली वारीची फिल्म आज दाखवा आणि त्याआधी दोन शब्द बोला. बोलायची आम्हाला सवय नाही. टाळ धरायची थोडीफार आहे. तेव्हा चुकलं-माकलं तर पदरात घ्या.

फिल्म करायचं डोक्यात आलं ते २०२० आणि २०२१ या दोन सालांमुळे. त्या दोन वर्षी नेहमीसारखी पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपलं गाव टीव्हीपुढे बसून राहिलं. २०२२ ला दिंडी पुन्हा निघाली, पण दोन वर्षांच्या खंडानंतर कित्येक म्हाताऱ्या माणसांचे पाय पुन्हा वाटेला लागलेच नाहीत. आपल्या आळीतल्या एक आजी त्यातल्याच. अडतीस वाऱ्या झालेल्या आणि आता गुडघे धरलेले. पुढच्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरांनो, दिवेघाट नका दावू, तो टीव्हीवर दिसतो. आपली दिंडी दावा. दुपारी कुठं टेकता, भाकरी कोण थापतं, विण्याजवळ कोण असतं, ते दावा."

आम्ही हो म्हटलं आणि केलं नेमकं उलटं.

सामान फार नव्हतं. दोन मोबाइल, एक लहान कॅमेरा, तीन पॉवर बँक आणि पावसासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या. चार्जिंग दिंडीच्या ट्रकवर. पहिल्या दोन दिवसांतच कळलं की चालता चालता काढलेलं चित्र हलतं आणि वाऱ्याने आवाज फाटतो. म्हणून आम्ही पुढे पळायचो, उंचवट्यावर उभे राहायचो, दिंडी जवळ आली की काढायचो आणि परत पुढे पळायचो. दिवेघाटात तर जो तो कॅमेरा घेऊन उभा! आम्हीही त्यांच्यातलेच झालो. रात्री सासवडला पाहिलं तर घाटाचं एक तासाचं चित्रण होतं, पण आमच्यापैकी एकानेही घाटात टाळाला हात लावला नव्हता.

आपल्या दिंडीची शिस्त तुम्हाला माहीत आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि मागे तुळशी नि हंडे घेतलेल्या माउल्या. या ओळीत आम्ही सारखे आडवे-तिडवे घुसत होतो. विणेकरी आबांच्या पुढ्यात उलटं चालून चित्रण केलं, तेव्हा त्यांना दोनदा थांबावं लागलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग लोणंदचा तळ आला. संध्याकाळच्या समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या. तिथला रिवाज नव्या मंडळींसाठी सांगतो. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा जनसमुदाय एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवलं-सापडलं सांगतात आणि मग आरती. त्या शांततेत आमच्यातल्या एकाचा मोबाइल वाजला, तोही सिनेमाच्या गाण्यावर. बंद करायला गेलो तर पिशवीची गाठ सुटेना. आजूबाजूच्या दिंड्यांतली माणसं वळून बघायला लागली. शंभर वर्षांत आपल्या दिंडीकडे असं कुणी बघितलं नसेल.

त्या रात्री राहुटीत बैठक बसली. काही जण म्हणाले, पोरांना गावी पाठवा. काही म्हणाले, कॅमेरे जमा करा. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी आबांनी एवढंच सांगितलं, "उद्याचा दिवस ते सगळं ट्रकात ठेवा. टाळ घ्या आणि माझ्या पुढं चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही लोणंदहून तरडगावच्या वाटेला लागलो. चांदोबाचा लिंब आला. वाटेतलं पहिलं उभं रिंगण! दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या, मधून माउलींचा अश्व धावत गेला आणि टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली. आम्ही पाचही जण तिथे रिकाम्या हातांनी होतो. म्हणजे रिकामे तरी कसे, टाळ होते. आम्ही याआधीही रिंगणं पाहिली होती, पण ती मोबाइलच्या काचेतून. अश्व आधी अंगावरून गेल्यासारखा वाटतो आणि मग कळतं की तो गेलासुद्धा, हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

तरडगावला आबांनी कॅमेरा परत दिला. आम्ही आपणहून नेम ठरवले. एका वेळी एकानेच चित्रण करायचं, तेही दिवसातून तासभर. बाकीच्यांनी ओळीत चालायचं. विण्याच्या पुढे जायचं नाही. आरतीच्या वेळी मोबाइल ट्रकात. अंघोळीच्या जागी कॅमेरा न्यायचा नाही आणि कुणाचं जवळून चित्र काढायचं तर आधी विचारायचं. फलटणपासून वाखरीपर्यंत हे पाळलं. आज तुम्हाला जे चांगलं दिसेल ते बहुतेक त्याच दिवसांतलं आहे.

गावी आल्यावर आजींना फिल्म दाखवली. त्यांनी भाकऱ्या पाहिल्या, ट्रक पाहिला, माणसं ओळखली. मग म्हणाल्या, "लिंबाचं रिंगण कुठं गेलं?" आम्ही खरं ते सांगितलं. त्या हसल्या आणि डोळे मिटून स्वतःच सांगायला लागल्या. कुठल्या बाजूला उभं राहायचं, अश्व येण्याआधी माणसं कशी चुप होतात, एका वर्षी पावसात रिंगण कसं झालं. आम्ही फक्त त्यांचा आवाज घेतला. फिल्ममध्ये त्या दिवसाचं एकही चित्र नाही. पडदा काळा दिसेल आणि आजींचा आवाज येईल. मशिन बंद पडलं असं समजू नका. आजी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

आता दुसरी गोष्ट. ही आपल्या सगळ्यांच्या परवानगीची आहे.

आमच्यापैकी तिघांच्या मनात नर्मदा परिक्रमा आहे. मैया १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही तीर धरले तर २६०० च्या वर, आणि पायवाटांच्या वळणांनी ते आणखी वाढतं. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही. समुद्राशी मात्र नावेतून पलीकडे जायचं. ओंकारेश्वराहून दक्षिण तीराने निघालो तर नंदुरबारच्या डोंगरातून वाट जाते. धरणाच्या पाण्याखाली जुन्या वाटा गेल्या आहेत, म्हणून तिथे गावकरी सांगतील तसंच चालावं लागेल.

अडचण पायांची नाही, पंचांगाची आहे. कार्तिकी पंढरीला करायची. मग कार्तिक वद्य त्रयोदशीचा माउलींचा समाधी सोहळा आळंदीला. तो झाला की मार्गशीर्षात परिक्रमा उचलायची आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाला आळंदीत हजर व्हायचं. रोज २० किलोमीटर धरले तर ३००० किलोमीटरला दीडशे दिवस लागतात. आजारपण आणि थांबे धरून पंधरा-वीस दिवस वरचे. हिशोब बसतो, पण काठावर. आणि मध्ये हरभऱ्याची नि ज्वारीची सुगी आहे. आमची शेतं भावकीने सांभाळली तरच हे होईल.

म्हणून आज सगळ्यांसमोर शब्द देतो. प्रस्थानाला पोचणं होणार नाही असं दिसलं तर निघणारच नाही, पुढच्या सालावर ढकलू. परिक्रमेसाठी आषाढी चुकवणार नाही. आणि कॅमेरा एकच नेऊ, दिवसातून तासभरच काढू. बाकीचं आल्यावर तोंडाने सांगू. ते ऐकायला आजी, तुम्ही असा.

आबांना विचारलं तर ते म्हणाले, "आधी शंभराव्या वर्षाची आषाढी करा, मग बघू." तेव्हा आधी आषाढी. आता दिवे बंद करा, फिल्म लावतो.

रामकृष्ण हरी!