साठ वर्षांचे कपाट



हीरक महोत्सव जवळ आला की शाळेची साफसफाई सुरू होते. भिंतींना रंग लागतो, मोडकी बाके माळ्यावरून खाली उतरतात, डेडस्टॉक रजिस्टरवरची धूळ झटकली जाते, निर्लेखन समितीची सभा भरते आणि एके दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात उभा राहतो. या उत्साहात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मागच्या भिंतीचे कपाट मात्र कोणी निरखून पाहत नाही. साठ वर्षांत अभ्यासक्रम अनेकदा बदलले, कित्येक प्रयोग वगळले गेले. त्यांसाठी आणलेल्या बाटल्या मात्र जागच्या जागी राहिल्या. शाळेच्या आवारातील सर्वांत घातक कचरा बहुधा कचराकुंडीत सापडत नाही, कारण तो अजून कोणी टाकलेलाच नसतो.

कचरा घातक केव्हा ठरतो, याचे उत्तर घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पदार्थाच्या स्वभावावरून दिले आहे. जो पेट घेतो, जो कातडी वा धातू खातो, जो दुसऱ्या पदार्थाशी झटकन विक्रिया करतो, ज्याचा स्फोट होतो, जो विषारी आहे, तो घातक. प्रयोगशाळेचे कपाट मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेले असते. शोधायला ही मांडणी सोयीची, पण तिच्यामुळे ॲसिटोन आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात. पहिला चटकन पेटणारा, दुसरा आगीला प्राणवायू पुरवणारा. वर्णमालेला याची काय कल्पना? म्हणून वर्गीकरणाचे पहिले काम कचरा होण्याआधीच करावे लागते. ज्वलनशील द्रव वेगळे, ऑक्सिडीकारक वेगळे, आम्ले आणि अल्कली एकमेकांपासून दूर. आम्लांतही नायट्रिक आम्लाला स्वतंत्र जागा हवी; ॲसेटिक आम्ल आम्ल असले तरी ज्वलनशील आहे, त्याचा शेजार नायट्रिकला चालत नाही. सोडियम केरोसिनखाली बुडालेले आहे ना, हे मे महिन्याच्या सुटीपूर्वी पाहायचे असते. केरोसिन उडून गेले आणि पावसाळी हवा आत शिरली, तर शाळेला कुलूप असतानाच कपाट पेटू शकते.

पाऱ्याची गोष्ट निराळी. फुटलेल्या तापमापीतील चमकदार गोळ्या तळहातावर खेळवण्याचा मोह पिढ्यान्‌पिढ्यांना पडला आहे. तो पारा सामान्य तापमानालाही हळूहळू वाफ होऊन श्वासात जातो. केरसुणीने झाडला तर बारीक थेंब होऊन फरशीच्या भेगांत शिरतो. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे, जाड कागदाच्या कडेने गोळ्या एकत्र कराव्यात, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवाव्यात. बेसिनमध्ये कदापि ओतू नयेत. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये अनुसमर्थित केला असला, तरी जुन्या तापमाप्या आणि वायुभारमापके अनेक कपाटांत अजून शिल्लक आहेत.

बाकीच्या कचऱ्याच्या वाटा कायद्याने बऱ्याचशा आखून दिल्या आहेत. बंद पडलेले संगणक आणि ट्यूबलाइट ई-कचऱ्यात, यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या बॅटरी कचऱ्यात. शाळेच्या प्रथमोपचार कक्षाचा तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नावानिशी उल्लेख आहे. महोत्सवाच्या रंगकामातून उरलेला थिनर आणि अर्धे डबेही घातकच. ते गटारात जाऊ नयेत एवढे ठेकेदाराला कामापूर्वी लेखी कळवलेले बरे.

मात्र या वाटांवर वस्तू लागण्यासाठी तिचे नाव ठाऊक असावे लागते. नाव हरवले की काय होते, ते दिल्लीने २०१० मध्ये पाहिले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या सुमारास कॅनडाहून आणलेले एक गॅमा विकिरण यंत्र होते. आत कोबाल्ट-६०, भोवती शिशाचे जाड कवच. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथल्या कामगारांनी शिशाच्या किमतीपायी ते फोडले. कोबाल्ट-६० ची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते; म्हणजे चाळीस वर्षांत मूळच्या साधारण दोनशेव्या हिश्श्याइतकीच उरली होती. तेवढीही पुरली. एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी सात जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. किरणोत्सर्गी कचऱ्याला अणुऊर्जेचा स्वतंत्र कायदा लागू होतो आणि शाळेत असले यंत्र नसते, हे खरे. परंतु वापर थांबणे, माणसे निवृत्त होणे, रजिस्टरात वस्तू राहणे आणि तिचा स्वभाव विसरला जाणे हा क्रम शाळेच्या कपाटालाही चुकलेला नाही. विसरले ते विद्यापीठ, आणि त्याचे मोल चुकवले ते भंगारवाल्याकडच्या मजुराने.

कायद्याने घातक कचरा साठवण्याची सर्वसाधारण मुदत ९० दिवस ठेवली आहे. कपाटातील काही बाटल्या तीस-तीस वर्षांच्या असतात. चिठ्ठी गळून पडलेली बाटली हाती आली तर ती उघडू नये, हुंगू नये, हलवूनही पाहू नये. पिक्रिक आम्ल ओले असेपर्यंत शांत असते. सुकून त्याचे स्फटिक झाकणाच्या आट्यांत बसले, तर झाकण फिरवण्याचे घर्षणही स्फोटाला पुरते. अशी बाटली पाहिली त्याच जागी राहू द्यावी. फळीवर ‘अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून सापडल्याची तारीख लिहावी, खोलीला कुलूप घालावे आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून अधिकृत यंत्रणेकरवीच ती हलवावी.

त्या बाटलीत काय आहे, हे सांगू शकणारा माणूस पुष्कळदा हयात असतो. तो शाळेचा निवृत्त प्रयोगशाळा सहायक. कोणत्या साली काय मागवले आणि कोणत्या फळीवर ठेवले, हे त्याला पाठ असते. महोत्सवाची निमंत्रणपत्रिका त्याच्या घरी जाणारच आहे. तिच्यासोबत एक विनंतीही जावी, की समारंभाच्या आधी एक दिवस, भंगारवाल्याचा टेम्पो येण्यापूर्वी, त्याने अर्धा तास त्या कपाटासमोर येऊन बसावे आणि एकेका फळीकडे बोट दाखवून नावे सांगावीत.