चूक, हयगय आणि विश्वास

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वकील नाही, डॉक्टरही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर बातमीदारी केलेला माणूस. तरीही हा विषय मी स्वीकारला. डॉक्टर किंवा वकील यांच्या दारात आपण सारे कधी ना कधी उभे राहतो आणि त्या क्षणी आपल्या हाती विश्वासाखेरीज काहीही नसते. त्या विश्वासाला तडा गेला तर कायदा काय म्हणतो, एवढेच आज मांडणार आहे.

सुरुवात आपल्याच मातीतील एका खटल्याने करतो. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि मांडीचे हाड मोडले. तिसऱ्या दिवशी त्याला पुण्याला एका शल्यचिकित्सकाकडे नेले. भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला, असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला. तो तरुण त्याच रात्री गेला. आईवडिलांनी दावा लावला. तीन हजार रुपये भरपाई ठरली. डॉक्टर अपिलात गेले आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कायम केली. पंधरा वर्षे! त्या आईवडिलांना पैसा हवा होता असे कोण म्हणेल? आपल्या मुलाच्या बाबतीत काय घडले, हे कुणीतरी अधिकारवाणीने सांगावे, एवढीच त्यांची भूक असावी.

त्या निकालाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, उपचार कोणता करावा हे ठरविताना आणि तो प्रत्यक्ष करताना, तिन्ही पायऱ्यांवर वाजवी काळजी घेतली पाहिजे. रोग बरा होईलच, अशी हमी मात्र कायदा कुणाकडूनही मागत नाही.

ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा अनेकांचा समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कंटकशोधन हे अधिकरण पाहा. प्राणसंकटातील रुग्णावर सूचना न देता उपचार केले आणि तो दगावला, तर वैद्याला पहिल्या श्रेणीचा दंड. उपचारातील दोषामुळे दगावला, तर मध्यम श्रेणीचा. विद्या जितकी मोठी, तितके उत्तरदायित्व मोठे, ही जाण या भूमीत जुनीच आहे.

स्वतंत्र भारतात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टरांची सेवा ही त्या अर्थाने सेवा आहे का, हा वाद १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटविला. मोबदला घेऊन केलेले उपचार कायद्याच्या कक्षेत आले. जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तेथील मोफत रुग्णांनाही दाद मागता येते. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते, ती रुग्णालये या कायद्याबाहेर राहिली. परंतु सेवावस्तीत दवाखाना चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की दिवाणी दाव्याची वाट तेथेही मोकळी आहे. सेवा मोफत असेल, पण निष्काळजीपणाला सूट नाही.

याची दुसरी बाजूही आहे. रुग्ण दगावला की डॉक्टरला अटक, अशी प्रथा पडू लागली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला लगाम घातला. साधी चूक, निदानातील मतभेद किंवा अनपेक्षित दुर्घटना म्हणजे गुन्हा नव्हे. फौजदारी खटल्यासाठी हयगय ढळढळीत असली पाहिजे. तपासी अधिकाऱ्याने आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावे आणि ऊठसूट अटक करू नये, असे न्यायालयाने बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना तसे घडल्यास मर्यादा दोन वर्षांची आहे.

आणि वकील? १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्राहक कायद्यातून वगळले. वकील हा पक्षकाराच्या सूचनेनुसार वागतो, त्याचे काम बाजारातील सेवेसारखे नाही, ही भूमिका. त्यांच्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार आणि दिवाणी दावा हे मार्ग मात्र शिल्लक आहेत. डॉक्टरला एक न्याय आणि वकिलाला दुसरा का, हा सामान्य माणसाचा प्रश्न मला रास्त वाटतो.

आता थोडे घरचे बोलतो. माझी थोरली बहीण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी गेली. भाचे संतापले होते. "मामा, त्या दवाखान्याची एक काच शिल्लक ठेवणार नाही," असे धाकटा म्हणाला. मी त्याचा हात धरला आणि उपचाराची कागदपत्रे मागितली. ती हाती आल्यावर आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी रात्रभर वाचली. सकाळी म्हणाले, "हयगय नाही. दुर्दैव आहे." आम्ही खटला भरला नाही. पण हेच दोन शब्द त्या दवाखान्यातील कुणीतरी ताईच्या मुलांजवळ बसून सांगितले असते, तर? चार दिवसांत तेथे कुणी आमच्याशी नीट बोलले नव्हते. त्या रात्री काचा फुटल्या असत्या तर त्याचे मूळ या मौनातच होते.

म्हणून लोक आपल्याकडे तक्रार घेऊन येतील तेव्हा त्यांना चार गोष्टी सांगा. पहिली, कागदपत्रे लेखी मागा. ती ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. दुसरी, त्याच क्षेत्रातील जाणकाराचे मत घ्या. तिसरी, हयगय दिसली तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जा. चौथी, हात उगारू नका. डॉक्टरवर हल्ला किंवा रुग्णालयाची तोडफोड हा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

आणि सभागृहात बसलेल्या डॉक्टर व वकील बंधुभगिनींना हात जोडून एकच विनंती. बोला. निकाल विरुद्ध गेला, उपचार फसला, तर समोर बसून सांगा. कायदा भरपाई देऊ शकतो, शिक्षा देऊ शकतो. गेलेला विश्वास परत आणणे त्याच्या हाती नाही. ते तुमच्या आणि आमच्याच हाती आहे.