२०८ तासांचे २० कसे झाले?

आज गोष्ट एका पगारपत्रकाची.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं हजेरीचं सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती ८.०, म्हणजे अगदीच जुनी. एका रविवारी तो अपग्रेड केला, आठवड्याचा रिपोर्ट काढला, प्रत्येकाचे ४८ तास बरोबर दिसले. मी खुशीत घरी गेलो.

महिनाअखेरीस हजेरीवाले काका रजिस्टर घेऊन आले. "साहेब, हा पोरगा २६ पाळ्या आलाय. तुमच्या कागदावर वीसच तास कसे?"

२६ गुणिले ८, म्हणजे २०८. डेटाबेसमधली बेरीज बरोबरच होती, बदललं होतं ते फक्त तिचं दिसणं. पूर्वी ती '८ डेज १६:००:००' अशी यायची, आता '२०८:००:००' अशी. माझा कोड दिवसांना २४ ने गुणून त्यात तासांचे पहिले दोन अंक मिळवायचा. आता दिवस नाहीतच आणि २०८ चे पहिले दोन अंक २०! ४८ मध्ये दोनच अंक, म्हणून आठवड्याच्या रिपोर्टमध्ये काही कळलं नाही.

हा पोस्टग्रेसचा बग नाही बरं का. २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून ते दिवस आणि तास वेगळे साठवतं. कारण प्रत्येक दिवस २४ तासांचा नसतो. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करतात, तो दिवस २३ तासांचा. मागे घेतात, तो २५ चा. आपल्याकडे घड्याळ हलत नाही, म्हणून हे डोक्यातच येत नाही.

उपाय दोन. माणसाला वाचायचं असेल तर 'जस्टिफाय अवर्स' हे फंक्शन लावा, २४ तासांचा दिवस धरून पुन्हा ८ दिवस १६ तास दिसतील. हिशोब करायचा असेल तर मात्र अक्षरं कापत बसू नका. 'एक्स्ट्रॅक्ट ईपॉक'ने सेकंद मागा. ७,४८,८०० येतील, त्यांना ३६०० ने भागा, झाले २०८.

आणि अपग्रेडआधी जुन्या-नव्या दोन्ही डेटाबेसवर सगळ्यात मोठा रिपोर्ट काढून ताडून बघा. छोटा आकडा चूक लपवतो.

सात तारखेचा पगार वेळेवर आणि पूर्ण झाला. श्रेय काकांच्या रजिस्टरचं. तेव्हापासून मी कुठलाही रिपोर्ट आधी त्यांना दाखवायचो.

भेटू पुढच्या भागात!