बारावीनंतर सिनेमा शिकायचाय?

‘सिनेमा करायचाय, मग मीडियाची डिग्री घेऊ का?’ मी बीटेकवाला, तरी हा प्रश्न मलाही येतो. तर ऐका. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएममध्ये शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतलं एक निवडावं लागायचं. सिनेमा म्हणजे त्यातला एखादा पेपर! आणि पुण्याच्या एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन किंवा संकलनाच्या 3 वर्षांच्या कोर्सला कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे बीकॉमवाल्यालाही दार उघडंच आहे.

म्हणून कॉलेजचं नुसतं नाव बघू नका. सिलॅबस उघडा, कॅमेरा-एडिटिंगचे तास मोजा, मुलांनी केलेल्या फिल्म्स दाखवा म्हणा. दाखवायला काहीच नसेल, तर आईबाबांचे पैसे आणि तुमची 3 वर्षं तिथे अडकवू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!