टाकलेल्या अन्नाची जबाबदारी



वाराणसीच्या गल्ल्यांत उकिरडा उकरणारी डुकरे पाहून आपण नाक मुरडतो. पण ती खातात ते आपणच टाकलेले असते, याचा आपल्याला विसर पडतो. शेतातील टाकाऊ माल आणि मेलेली जनावरे डुकरांना घालणे नीतीला धरून आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा मी आज विचार करणार आहे.

डुक्कर सर्वभक्षी आहे. भाताचा कोंडा, भाजीचा पाला, विकला न गेलेला माल यांवर ते पोसते. माणसाच्या तोंडचे धान्य त्याला घालण्यापेक्षा हा मार्ग अधिक न्याय्य होय.

मृत जनावरांची गोष्ट मात्र निराळी आहे. पूर्वी त्यांची विल्हेवाट गिधाडे लावीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचा जवळजवळ संहार झाला. २००६ साली त्या वापरावर बंदी आली, तरी त्यांची जागा रिकामीच राहिली. ती डुकराने भरावी, असे कोणी म्हणेल. १९८६ साली याच नगरीत आरंभ झालेल्या गंगा कृती योजनेत नदीतील प्रेते खाण्यासाठी कासवे सोडली होती, असा दाखलाही देईल. परंतु ती कासवे माणसाच्या ताटात येण्यासाठी नव्हती, डुक्कर येते.

शिवाय रोगाचे भय आहे. ब्रिटनमध्ये २००१ साली न उकळलेले खरकटे खाणाऱ्या डुकरांपासून लाळ-खुरकुताची साथ पसरली आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. भारतात २०२० साली प्रथम आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणूही रोगट डुकराच्या कच्च्या मांसातून पसरतो.

मग दोष कोणाचा? मोकाट डुकरे पाळणारा बहुधा निर्धन असतो. खाद्य विकत घेणे त्याला परवडत नाही. साथ आली की त्याचे सर्वस्व जाते, आणि ज्यांनी घाण टाकली ते मात्र सुरक्षित राहतात. खरा अन्याय येथे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे: पाला व कोंडा डुकराला अवश्य द्यावा, खरकटे द्यायचेच तर पुरते उकळून द्यावे, मृत जनावर कधीही घालू नये, ते चुना टाकून खोल पुरावे. मात्र उपदेश पशुपालकाला आणि खर्चही त्यालाच, असे होता कामा नये. खड्ड्याची आणि वाहनाची सोय नगराने करावी. मुक्या जनावराच्या भुकेवर आपली जबाबदारी ढकलून देणे, याला काटकसर म्हणत नाहीत.